टायमिंग चेन बदलली आणि गाडीचा पिकअप गेला. आता काय तपासू?

आर्वीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. पेट्रोल गाडी आहे, २०१२ चं मॉडेल, १२०० सीसी, चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारे दांडे). १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. दिवाळीच्या आधीपासून सकाळी पहिला सेल्फ मारला की बोनेटमधून खडखड यायची, डब्यात खडे हलवावे तशी, आणि पाचसात सेकंदांत थांबायची. पुढे गरम इंजिनावरही यायला लागली. तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकने टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून दाखवलं. मी स्वतः बोट लावून पाहिलं, टायमिंग चेन (खालच्या मुख्य शाफ्टवरून, म्हणजे क्रँकवरून, कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) चांगलीच लुळी पडली होती. चेन, तिला आधार देणारे दोन्ही गाईड आणि तिला ताठ ठेवणारा टेन्शनर असा सगळा सेट नवीन टाकला.

गाडी हातात आली त्या दिवसापासून दुखणंच वेगळं. सेल्फ चारपाच सेकंद फिरवावा तेव्हा उचलते. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं, मध्येच मिसिंग मारते. नाल्याच्या पुलावरचा चढ आधी तिसऱ्या गिअरमध्ये निघायचा, आता दुसऱ्यातही जीव काढते. अॅव्हरेज १७ वरून ११ वर आलं. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. चेक इंजिनचा दिवा लागूनच आहे. आणि ज्यासाठी हे सगळं केलं ती सकाळची खडखड अजूनही तीनचार सेकंद येतेच.

मेकॅनिकने आधी कॅम सेन्सर बदलला, मग प्लगच्या दोन कॉइल बदलल्या, आता पेट्रोल पंप टाकू म्हणतो. चेनचा खर्च सोडून वर ८ हजार गेले. माणूस वाईट नाही, आमच्या ट्रॅक्टरचं काम वर्षानुवर्षं तोच करतो. पण आता त्याचंही अंदाजपंचे चाललंय. आईला दर महिन्याला सेवाग्रामला दवाखान्यात न्यावं लागतं, पुढची तारीख २२ आहे. कापूस वेचणीला आलाय, पैसा हातात यायचा आहे. पंप टाकण्याआधी काय तपासून घेऊ, ते सांगा.

पुसदचा_प्रवासी

माझ्या गाडीला सेम झालं होतं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, टाकीत इंजेक्टर क्लीनर टाकलं, मोकळी झाली. पंप पण कमजोर असू शकतो. आधी ते करून बघा.

वऱ्हाडी_पाना

भाऊ, पयले तं गाडी उभी करा. खरंच सांगतो, चालवू नोका. चेन टाकाच्या आंधी गाडीले पिकअप होता नं? अॅव्हरेज होतं नं? मंग चेन टाकली त्याच दिवशी पंप कसा काय जाईन? जे काम झालं तिथंच पाहा लागते. माह्या हिशोबानं चेन बसवतानी गरारीचा, म्हंजे दातेरी चाकाचा, दात चुकला हाय. दुसरं काई नाई.

आन् एक गोष्ट, कच्चा पेट्रोल सायलेन्सरात जाऊन राह्यला तं कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हंजे धूर साफ कराचा डबा, तापून लाल होते. गाडी कुटारापाशी, वाळल्या गवतावर उभी करू नोका. आमच्या इकडं एकाची तुरीची गंजी अशीच पेटली होती.

निवृत्त_निदेशक

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेड बरीच वर्षं शिकवला आहे. वरच्या भाऊंशी सहमत आहे. गाडी उभी करा आणि एकही नवा पार्ट विकत घेऊ नका.

आधी हे नीट समजून घ्या, म्हणजे मेकॅनिकशी बोलताना सोपं जाईल. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून कॅमच्या गरारीला क्रँकच्या गरारीच्या दुप्पट दात असतात. समजा कॅमवर ३६ दात आहेत, तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश आणि क्रँकच्या हिशेबात २० अंश. २० अंश म्हणजे इंजिनासाठी फार मोठी चूक. इनटेक वॉल्व्ह जेव्हा बंद व्हायला हवा तेव्हा तो अजून उघडाच असतो, पिस्टन वर निघालेला असतो, आणि आत घेतलेली हवा आल्या वाटेने मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांमध्ये, परत ढकलली जाते. म्हणजे दम जातो. स्पार्कची वेळ मात्र क्रँकच्या सेन्सरवरून ठरते, ती बरोबरच असते. त्यामुळे गाडी सुरू होते, चालते, फक्त आजारी चालते. तुमची सगळी लक्षणं यात बसतात.

एक दात चुकला तर इंजिन बहुधा वाचतं. दोनतीन दात उडाले तर पिस्टन आणि वॉल्व्हची टक्कर होऊन वॉल्व्ह वाकतात, मग हेड उतरवावं लागतं. म्हणून सेल्फवर सेल्फ मारत बसू नका. नवी चेन आहे, टेन्शनर धरत नसेल तर ती आणखी एखादा दात उडी मारू शकते.

पण हा झाला माझा तर्क. तर्कावर टायमिंग कव्हर उघडायचं नाही, नाहीतर आपण आणि तुमचा मेकॅनिक सारखेच. आधी दोन मोजमापं घ्या. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचा. कोडचं नुसतं वर्णन नको, पूर्ण नंबर लिहा. आणि त्याच स्कॅनरवर मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबाचा, आकडा बघा: एकदा चावी ऑन पण इंजिन बंद असताना, आणि एकदा इंजिन चालू आणि गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये असताना.

आर्वीकर

सर, मनापासून आभार. गाडी गोठ्याशेजारच्या मोकळ्या जागेत उभी केली, खालचं कुटार झाडून काढलं. भाच्याकडे मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर आहे, तो रविवारी येतो.

चिखली_डिझेल

स्कॅनर येईपर्यंत अर्थिंगची पट्टी आणि सगळे कनेक्टर बघून घ्या. टायमिंग कव्हर काढताना इंजिन माउंटिंग सोडावं लागतं, कितीतरी वेळा अर्थिंगची वायर तशीच लोंबकळत राहते. व्हॅक्यूमचे बारीक पाइपही सुटतात. फुकटचं काम आहे, अर्धा तास लागतो. मी असं एकदा तीन दिवस डोकं फोडून घेतलं आणि शेवटी पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढून घेणारा) पाइप निघालेला सापडला.

आर्वीकर

रविवारचा रिपोर्ट.

चिखलीवाले भाऊ, अर्थिंग घट्ट आहे, पाइप सगळे जागेवर. थ्रॉटल बॉडीही उघडून पाहिली, स्वच्छ आहे.

कोड दोन आले. पी ००१६ आणि पी ०३००. खोडून गाडी सुरू केली, एका मिनिटाच्या आत पी ००१६ परत आला.

मॅपचा आकडा: चावी ऑन, इंजिन बंद असताना ९७ किलोपास्कल. गरम इंजिन, न्यूट्रल, एसी बंद असताना ५४ ते ५६, सारखा हलतो.

निवृत्त_निदेशक

छान मोजलंत. आता वाचू या.

चावी ऑन असताना ९७ म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे, तिथे एवढाच यायला हवा. म्हणजे मॅप सेन्सर खरं बोलतोय. निरोगी इंजिन न्यूट्रलमध्ये ३० ते ४० च्या दरम्यान दाखवतं. तुमचं ५५. इंजिनाला हवा ओढताच येत नाहीये. वर, मॅनिफोल्डमध्ये दाब जास्त दिसला की कॉम्प्युटरला वाटतं गाडीवर लोड आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. वास आणि ११ चं अॅव्हरेज तिथून आलं.

पी ०३०० म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरचं नसलेलं, फिरतं मिसिंग. पी ००१६ महत्त्वाचा. क्रँकची आणि कॅमची स्थिती एकमेकांशी जुळत नाही, असं तो सांगतो. मेकॅनिकने स्कॅनरवर कॅम आणि सेन्सर हे दोन शब्द वाचले आणि सेन्सर बदलला. सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड असता तर पी ०३४० आला असता. इथे दोन्ही साक्षीदार खरं सांगताहेत, फक्त त्यांच्या साक्षी जुळत नाहीत. गाडीला व्हीव्हीटी (चालत्या इंजिनात वॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) आहे का? असेल तर त्याचा ऑइल कंट्रोल वॉल्व्हही बघावा लागेल.

आता तिसरं मोजमाप: कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती जोराने दाबली जाते ते. बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या. एकच सिलिंडर पडलेला निघाला तर वॉल्व्ह वाकला असण्याची भीती. चारही सारखेच पडलेले निघाले तर टायमिंग. जो सिलिंडर सगळ्यांत कमी दाखवेल त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

पुसदचा_प्रवासी

माझा सल्ला मी मागे घेतो. मॅपचा आकडा असा वाचता येतो हे माहीत नव्हतं.

आर्वीकर

व्हीव्हीटी नाही सर.

कॉम्प्रेशनचं मीटर पुलगावच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे मिळालं. तो स्वतः आला, दोनशे रुपये आणि चहा. आकडे पीएसआयमध्ये, एक ते चार: ११८, १२०, ११५, ११९. तिसऱ्यात ऑइल टाकून मोजलं तर १२२. प्लग चारही काळे, भुसभुशीत काजळी.

वऱ्हाडी_पाना

चारी सारखे! वॉल्व्ह वाचले भाऊ तुमचे. देवाले नारळ फोडा आन् कव्हर खोला.

निवृत्त_निदेशक

होय. या इंजिनाला १७० च्या वर हवं होतं. चारही एकसारखे खाली, ऑइलने फारसा फरक नाही. तीन वेगवेगळ्या वाटांनी आपण एकाच दारात आलो. आता कव्हर उघडायला हरकत नाही.

मेकॅनिक तोच ठेवा असं माझं मत आहे. त्याला आकडे कागदावर लिहून द्या. ‘तू चुकलास’ म्हणून सुरुवात केली तर तो कव्हर उघडण्याआधीच भांडेल. ‘हे आकडे असे आलेत, आपण दोघं मिळून पाहू’ असं म्हणा.

उघडताना काळजी घ्या. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणायचा तर क्रँक नेहमी चालण्याच्या दिशेनेच, पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. उलटा फिरवला की ढील दुसऱ्या बाजूला जाते आणि चेन दात सोडू शकते. पिस्टन वर आला का हे पाहायला प्लगच्या छिद्रातून प्लास्टिकची लांब नळी सोडा. तुराटीची काडी कोणी टाकू नका. मोडली तर तुकडा आत राहतो.

आर्वीकर

काल उघडलं. सविस्तर लिहितो, कारण आम्ही दोघंही थक्क झालो.

मेकॅनिक आधी नाराज होता. म्हणाला, ‘मार्क जुळवूनच बसवली होती, मी काय नवीन आहे का?’ मी कागद पुढे केला. चारही आकडे त्याने दोनदा वाचले, मग काही न बोलता पाना उचलला.

टॅपेट कव्हर निघालं. दोन्ही कॅमच्या गरारीवरच्या खुणा एकमेकींसमोर अगदी बरोबर! तो म्हणाला, ‘बघा.’ मलाही वाटलं, आपण उगाच त्याला बोलावलं. मग समोरचं कव्हर उतरलं. भाच्याने मोबाईलचा उजेड खाली क्रँकवर धरला. क्रँकची चावी (गरारी शाफ्टवर पक्की धरणारी लोखंडी पट्टी) जिथे असायला हवी तिथून पूर्ण एक दात पुढे निघून गेलेली. क्रँक आम्ही खुणेवर आणली, तर वर दोन्ही कॅम एकेक दात मागे. दोघे आपापसात जुळलेले होते, पण जोडीने उशिरा चालले होते. मेकॅनिकने हात पुसले आणि तिथेच पायरीवर बसला. म्हणाला, ‘भाऊ, मी वरच्याच खुणा पाहिल्या. खालची बसवताना पाहिली होती, पण टेन्शनर सोडल्यावर पुन्हा पाहिली नाही.’

सर, खालची खूण बसवताना जुळलेली असेल तर ती नंतर सरकली कशी?

निवृत्त_निदेशक

कारण ढील चुकीच्या बाजूला राहिली. समोरून पाहा. चेनच्या एका बाजूला साधा, न हलणारा गाईड असतो. ही ओढीची बाजू, क्रँक इथूनच कॅमला ओढतो. दुसऱ्या बाजूला हलणारा गाईड आणि त्यामागे टेन्शनर. चेन चढवताना ओढीची बाजू तारेसारखी ताठ हवी, आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. तुमच्याकडे क्रँक आणि पहिला कॅम यांच्यामध्ये एका दाताची ढील राहून गेली. डोळ्यांना खुणा जुळलेल्याच दिसतात. टेन्शनर सोडला, क्रँक फिरला, आणि ती ढील गिळेपर्यंत कॅम जागेवरच थांबले. म्हणून दोघेही सारखेच मागे राहिले.

परत बसवताना खालून सुरुवात करा. क्रँकची खूण, तिथून ओढीची बाजू ताठ ठेवत वर, पहिला कॅम, दुसरा कॅम, आणि उरलेली ढील खाली टेन्शनरकडे. रंगीत कड्या खुणांवर बसवा. मग गाईड, मग टेन्शनर, आणि टेन्शनरची पिन सगळ्यांत शेवटी ओढायची. त्यानंतर हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर करू नका, थांबा. दोन फेऱ्यांनी क्रँकची आणि दोन्ही कॅमची अशा तिन्ही खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. चेनच्या रंगीत कड्या मात्र जुळणार नाहीत, त्या पुन्हा जागेवर यायला पुष्कळ फेरे लागतात. बरेच जण इथे घाबरतात आणि बरोबर बसवलेली चेन पुन्हा काढतात. कड्या फक्त बसवण्यापुरत्या असतात, तपासायच्या त्या गरारीवरच्या खुणा.

पुलीचा बोल्ट टॉर्क पान्याने, त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच आवळा. तो ढिला राहिला तर चावी कातरते.

आर्वीकर

झालं! हाताने दोन फेरे दिले, तिन्ही खुणा जुळल्या. मेकॅनिकने मला वाकून बघायला लावलं, मग भाच्याला, मगच कव्हर लावलं. सेल्फ मारला तर अर्ध्या सेकंदात उचलली. कॉम्प्रेशन: १७४, १७६, १७१, १७५. मॅप ३५ वर स्थिर. कोड खोडले, परत आले नाहीत. पुलाचा चढ तिसऱ्यात निघाला. किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

पण एक राहिलंच. आज पहाटे चांगली थंडी होती, पहिल्या सेल्फला तीच खडखड, चार सेकंद. आणि ऑइलचा लाल दिवाही तेवढाच वेळ लागून राहिला. मेकॅनिक म्हणतो, २०-५० ग्रेडचं जाड ऑइल टाकू, आवाज दबेल.

वऱ्हाडी_पाना

आवाज दाबू नोका भाऊ, आवाज काऊन येते ते पाहा. कव्हर चिकटवाले सिलिकॉन किती लावलं होतं पयल्यांदा? जास्तीचं पिळलं असन तं ते आत तुटून पडते आन् ऑइलच्या जाळीत जाऊन बसते. म्या दोन गाड्यांत पाह्यलं हाय.

निवृत्त_निदेशक

हे अगदी नेमकं सांगितलंत. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब उशिरा पोचला तर तेवढा वेळ चेन सैल राहते. दिवाही तितकाच वेळ लागून राहतो, ही त्याची खूण. जाड ऑइल थंडीत आणखी उशिरा पोचेल. आपल्याकडे उन्हाळा ४५ च्या वर जातो म्हणून लोक जाड ऑइल टाकतात, पण तुमच्या पुस्तकात ५-३० असेल तर तेच टाका. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवा आणि जाळी पाहा.

आर्वीकर

पुस्तकात ५-३० च आहे. आज चेंबर उतरवला. जाळीवर राखाडी सिलिकॉनचे दोरे, शेवयांसारखे. एक तर बोटभर लांब होता. अर्धी जाळी झाकली गेली होती. पहिल्या वेळचंच सिलिकॉन, यावेळी त्याने बारीक रेघ ओढली होती. जाळी पेट्रोलने धुतली, चेंबर पुसला, नवा फिल्टर आणि ५-३० ऑइल. जुना फिल्टर कापून पाहिला, लोखंडाची चकाकी कुठे दिसली नाही.

चिखली_डिझेल

मजुरीचं काय ठरलं?

आर्वीकर

मजुरी त्याने घेतली नाही. पॅकिंग, ऑइल, फिल्टरचे मी दिले. जुना कॅम सेन्सर आणि दोन्ही कॉइल त्याने जपून ठेवल्या होत्या, त्या परत दिल्या. तपासल्या, तिन्ही चांगल्या निघाल्या. आता गाडीच्या डिकीत स्पेअर म्हणून ठेवल्यात.

वऱ्हाडी_पाना

सकाळचं सांगा भाऊ. रातभर उभी राह्यल्यावर कशी सुरू होते ते पाहा लागन.

आर्वीकर

आत्ता पहाटे साडेपाचला सेल्फ मारला. दिवा एका सेकंदात गेला. खडखड नाही. आई मागे शाल घेऊन बसली आहे, आम्ही सेवाग्रामला निघतोय.